तयार झाल्यावरच

९ डिसेंबर २०२३, शनिवार. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या संगणकप्रणालीची १२.३ ही सुधारित आवृत्ती त्या दिवशी बाहेर पडायची होती. पॅकेजे जगभरच्या सर्व्हरांवर पोहोचू लागली होती. नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी आयएसओ फाइली बनवायचे आणि तपासायचे काम तेवढे उरले होते. अशा वेळी खबर आली, की या आवृत्तीतल्या ६.१.६४ क्रमांकाच्या कर्नेलमुळे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यामुळे, ‘एक्स्ट४’ फाइलप्रणालीवरची माहिती बिघडू शकते. लिनक्सच्या असंख्य संगणकांवर डिस्कवरच्या फाइलींची मांडणी याच एक्स्ट४ पद्धतीने होते. म्हणजे धोका थेट लोकांच्या फाइलींना होता: हिशेबांना, फोटोंना, अर्ध्या लिहिलेल्या प्रबंधांना.

काम थांबले. १२.३च्या आयएसओ फाइली निघाल्याच नाहीत. ज्यांनी अजून अपग्रेड केले नव्हते त्यांना सध्या थांबा असे जाहीरपणे सांगण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुरुस्त कर्नेल घेऊन थेट १२.४ आली. बिघाडाचे मूळ शिकण्यासारखे होते. मुख्य कर्नेलमधली एक दुरुस्ती जुन्या शाखेत उतरवताना, ती ज्या दुसऱ्या बदलावर टेकलेली होती तो बदल मागेच राहिला होता. एक दोष काढायला गेलेल्या हातांनी दुसरा आत आणला होता.

त्या शनिवार-रविवारी राबलेल्यांपैकी बहुतेकांना या कामाचा पगार नव्हता. ‘थांबा’ म्हणणाऱ्यांवर कोणी साहेब नव्हता, आणि ज्यांना थांबायला सांगितले तेही कोणाचे नोकर नव्हते. पुढच्या पानांचा विषय हाच आहे. ज्यांना कोणीही हुकूम सोडू शकत नाही अशी शेकडो माणसे, वेगवेगळ्या देशांत बसून, विश्वासाने वापरता येईल अशी वस्तू वर्षानुवर्षे बाहेर कशी काढतात? दोष कोण शोधतो, कोण निस्तरतो, आणि ‘आता पुरे, हे लोकांच्या हाती द्यायला हरकत नाही’ हे कोण ठरवतो? स्वयंसेवकांचे मुक्तस्रोत प्रकल्प पुष्कळ आहेत, पण या प्रश्नांसाठी डेबियनइतके मोलाचे उदाहरण दुसरे नाही. तीस वर्षांहून जास्त काळ तो चालू आहे, आणि त्याची भांडणे, चुका, कबुल्या सगळे उघड्यावर पडलेले आहे.

डेबियन सुरू झाला १६ ऑगस्ट १९९३ रोजी. इयान मर्डॉक तेव्हा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान यांची नावे जोडून त्याने प्रकल्पाला नाव दिले. १९९६च्या जूनमध्ये आलेल्या १.१ आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ती ६९,८३० झाली, आणि त्यांच्या मूळ कोडच्या ओळी भरतात १४६ कोटींच्या वर. हा कोड बहुतांशी डेबियनच्या लोकांनी लिहिलेला नाही. तो जगभर इतरांनी लिहिलेला आहे. डेबियनचे स्वयंसेवक तो गोळा करतात, निवडतात, पाखडतात, एकमेकांशी नांदेल असा बसवतात आणि मग पुढे देतात. एकेका पॅकेजची जबाबदारी घेणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. काही पॅकेजे गटाकडे असतात, काही एकट्या माणसाकडे.

आवृत्त्यांच्या यादीत १.० का नाही, याची हकिकत छोटी आहे पण पुढच्या सगळ्याची चुणूक तिच्यात आहे. १९९५च्या डिसेंबरमध्ये इन्फोमॅजिक नावाच्या सीडी विकणाऱ्या कंपनीने घडवण्याच्या अवस्थेत असलेले, अर्धेकच्चे डेबियन उचलले आणि ‘डेबियन १.०’ म्हणून सीडीवर घालून विकायला काढले. ते धड चालत नव्हते. प्रकल्पाने मग तो आकडाच सोडून दिला, म्हणजे खरी आवृत्ती आणि ती फसलेली सीडी यांत कोणाची गल्लत होऊ नये. अठ्ठावीस वर्षांनी १२.३चे जे झाले त्याचा पूर्वज असा घरातच होता. आकडा गेला तरी चालेल, नावाखाली भलती वस्तू जाता कामा नये.

असा निर्धार कंपनीतही असू शकतो. फरक आहे तो अंमलबजावणीत. डेबियनची एक लिखित घटना आहे, डिसेंबर १९९८मध्ये स्वीकारलेली. तिच्या सुरुवातीलाच स्पष्ट केलेले आहे, की या घटनेमुळे कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही. नको असलेले काम कोणीही न केले तरी चालते, फक्त ठरलेल्या नियमांविरुद्ध मुद्दाम काम करायचे नाही. निवडून आलेला प्रकल्पप्रमुखसुद्धा एखाद्याला ‘हा बग उद्यापर्यंत काढ’ असे सांगू शकत नाही. विनंती करू शकतो. आठवण करू शकतो. हे कलम नीट लक्षात ठेवले, तर डेबियनमधल्या बाकीच्या सगळ्या व्यवस्था कशासाठी आहेत ते उलगडते.

त्यातली पहिली व्यवस्था म्हणजे दोषांची वही. १९९४मध्ये इयान जॅक्सनने ती उभारली, आणि आजही ती प्रामुख्याने ई-मेलवर चालते. कोणीही, खाते न उघडता, एका ठरावीक पत्त्यावर मेल पाठवतो. त्याला क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक त्या पॅकेजच्या नावाखाली सर्वांना दिसू लागतो. १९९७मध्ये प्रकल्पाने वापरकर्त्यांशी जो सामाजिक करार जाहीर केला, त्यात दोष लपवणार नाही असे वचनच दिले आहे, आणि ही वही त्या वचनाचे रोजचे रूप आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये तिच्यात दहा लाखावी नोंद पडली. ती कधी पडेल याचे अंदाज बांधण्याची चुरस सदस्यांमध्ये आधीपासून चालली होती. एखाद्या कारखान्याने आपल्या मालातल्या दहा लाखाव्या तक्रारीची वाट इतक्या उमेदीने पाहिली असती का? इथे ती पाहिली गेली, कारण नोंद म्हणजे कोणीतरी वापरले, कोणाला तरी खटकले, आणि त्याने ते सांगण्याची तसदी घेतली.

प्रत्येक नोंदीला वजन असते. वरच्या तीन पायऱ्या सर्वांत महत्त्वाच्या. ‘क्रिटिकल’ म्हणजे जो दोष दुसऱ्या, संबंध नसलेल्या सॉफ्टवेअरला किंवा सगळ्या यंत्रालाच मोडतो, किंवा मोठ्या प्रमाणात माहिती घालवतो. ‘ग्रेव्ह’ म्हणजे पॅकेज जवळपास निरुपयोगी करणारा. ‘सीरियस’ म्हणजे धोरणाचा सरळ भंग, किंवा मेंटेनरच्या किंवा आवृत्ती बाहेर काढण्याचे काम सांभाळणाऱ्या रिलीज टीमच्या मते आवृत्तीत जाण्यास अयोग्य ठरवणारा. या तिन्हींना मिळून ‘रिलीज-क्रिटिकल’ म्हणतात, बोलताना नुसते ‘आरसी बग’. बाकीचे खाली उतरत जातात, अगदी ‘असे झाले तर बरे होईल’ अशा इच्छेपर्यंत. ही प्रतवारी नसती तर दहा लाख नोंदींच्या ढिगाऱ्यात डिस्क पुसणारा दोष आणि शुद्धलेखनाची चूक शेजारी शेजारी पडून राहिली असती.

चांगली नोंद लिहिणे ही एक कलाच आहे. ‘चालत नाही’ एवढेच लिहिलेल्या मेलवर मेंटेनर काय करणार? तो ‘अधिक माहिती हवी’ अशी खूण लावून ठेवतो. त्याच्या यंत्रावर तसे घडत नसेल तर ‘पुन्हा घडवता आला नाही’ अशी दुसरी खूण असते. दोष काढण्याचे निम्मे काम म्हणजे तो हवा तेव्हा पुन्हा घडवून दाखवणे. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, आणि कोणती आवृत्ती होती, इतके चार ओळींत सांगणारा माणूस एक अक्षर कोड न लिहिता प्रकल्पाला मोठा हातभार लावतो.

आता दुसऱ्या व्यवस्थेकडे, साठ्यांकडे वळू. डेबियनमध्ये एकाच वेळी तीन साठे चालू असतात. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये पडते. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या खेळण्यांची नावे देण्याची चाल आहे, आणि अनस्टेबलचे नाव कायमचे ‘सिड’ आहे, म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. तिथून पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये जाते आणि टेस्टिंग पक्के झाले की त्याची ‘स्टेबल’ आवृत्ती होते. डिसेंबर २०००मध्ये ही मधली पायरी आली तेव्हा तिच्यामागचा विचार लोणच्यासारखा होता: बरणी भरल्या भरल्या वाढायची नाही, मुरू द्यायची. पॅकेज अनस्टेबलमध्ये काही दिवस राहते, निकडीप्रमाणे दहा, पाच किंवा दोन. त्या काळात डेबियन ज्यांच्यावर चालते त्या सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरांवर ते बनायला हवे, नवा आरसी बग त्यावर नोंदला जाता कामा नये, आणि ते आत गेल्याने दुसरे पॅकेज मोडता कामा नये. हे तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव ‘ब्रिटनी’. अलीकडे स्वयंचलित चाचण्याही त्यात मिसळल्या आहेत.

ब्रिटनीची खरी थोरवी तांत्रिक नाही. स्वयंसेवकांच्या समुदायात ‘तुझे काम पुढे जाऊ शकत नाही’ हे एका माणसाने दुसऱ्याला तोंडावर सांगणे अवघड असते. रुसवे होतात, माणसे सोडून जातात. इथे तो निरोप यंत्र देते आणि कारणासकट देते. पुढे याचीच दुसरी बाजू आली. ज्या पॅकेजवर आरसी बग पडून राहिला आहे आणि जे प्रणालीचा कणा नाही, त्याच्या मेंटेनरला मेल जाते: अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर पॅकेज टेस्टिंगमधून आपोआप निघेल. दुरुस्त झाले की ते परत येऊ शकते. पण आवृत्ती निघायच्या अगदी आधीच्या काळात ही वाट बंद होते, म्हणून ती तारीख गंभीरपणे घ्यावी लागते.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. सर्वांत मोठी मोजली ‘सार्ज’ने. आधीची आवृत्ती, ‘वुडी’, १९ जुलै २००२ रोजी आली होती. सार्ज उजाडायला ६ जून २००५ हा दिवस लागला. मधे जवळजवळ तीन वर्षे गेली. इन्स्टॉल करण्याचा प्रोग्रॅम मुळापासून नव्याने लिहिला जात होता. नोव्हेंबर २००३मध्ये प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरांत कोणीतरी घुसले. चोरलेला पासवर्ड आणि कर्नेलमधला एक दोष वापरून ते आत आले होते, आणि ती यंत्रे स्वच्छ करून पुन्हा उभी करण्यात काळ गेला. २००४मध्ये सामाजिक कराराची भाषा बदलणारे मतदान झाले, त्याचा अर्थ लावता लावता आवृत्तीच अडकण्याची वेळ आली, आणि तो बदल सार्जनंतर लागू करू असे ठरवायला पुन्हा मतदान घ्यावे लागले. दरम्यान ऑक्टोबर २००४मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली. डेबियनच्याच साठ्यावर उभी, डेबियनच्याच जुन्या सदस्याने काढलेली आणि दर सहा महिन्यांनी येण्याचे वचन देणारी. डेबियन वापरणाऱ्या अनेकांनी तिकडे वाट धरली, आणि त्यांना दोष देता येत नाही.

एवढे करून सार्ज निर्दोष होती का? नव्हती. तिच्या पहिल्या सीडींवर सुरक्षादुरुस्त्या कुठून घ्यायच्या ते सांगणारी ओळ चुकीची होती. ती स्टेबलकडे बोट दाखवायच्या ऐवजी टेस्टिंगकडे दाखवत होती. लगेच सुधारलेल्या सीडी काढाव्या लागल्या. तीन वर्षे मुरलेल्या आवृत्तीत हा खडा राहिला. कारण सरळ आहे: आवृत्ती बाहेर पडेपर्यंत ‘टेस्टिंग’ हेच तिचे नाव होते, आणि त्या ओळीतले नाव बदलायचे राहून गेले. जे शेवटच्या क्षणी बदलते ते आधीच्या कितीही महिन्यांच्या वापरात तपासले जात नाही.

पुढच्या ‘एच’ आवृत्तीच्या वेळी, २००६मध्ये, वेगळा उपाय करून पाहण्यात आला. प्रकल्पाबाहेर निधी जमवून रिलीज सांभाळणाऱ्या दोघांना महिना-महिना पूर्ण वेळ कामाचे पैसे द्यायचे, म्हणजे आवृत्ती डिसेंबरच्या सुरुवातीला येईल, असा बेत होता. वाद पेटला. फुकट राबणाऱ्या शेकडोंपैकी दोघांनाच पैसे का, असा प्रश्न विचारला गेला, आणि काही सदस्यांनी आपण आता कमी वेळ देऊ असे जाहीर केले. एच आली ८ एप्रिल २००७ला. त्या वादात दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती असे कागदपत्रे वाचताना जाणवते. पैशाने रिलीज टीमचा वेळ विकत घेता येतो, पण आरसी बग पसरलेले असतात शेकडो मेंटेनरांच्या दारात, आणि ते दार पैसे न मिळणाऱ्या माणसानेच उघडायचे असते.

तोडगा हळूहळू निघाला तो फ्रीझमधून. २००९पासून डेबियनने साधारण दर दोन वर्षांनी साठा गोठवायचे धोरण धरले. फ्रीझ टप्प्याटप्प्याने येतो: आधी मोठे, अनेक पॅकेजांना हलवणारे बदल बंद, मग नवी पॅकेजे बंद, मग किरकोळ बदलही रिलीज टीमची परवानगी घेऊनच. शेवटच्या टप्प्यात मेंटेनरला नेमका कोणता फरक केला ते दाखवावे लागते आणि कोणीतरी तो ओळ न ओळ वाचतो. यातली मेख अशी, की तारीख ठरते ती फ्रीझची. आवृत्तीची तारीख ठरते फ्रीझनंतर, आरसी बगांचा आकडा पुरेसा खाली आल्यावर. उबुंटूसारखी ठाम तारीख आणि जुन्या डेबियनसारखी अमर्याद वाट यांच्या मधली ही वाट आहे, आणि ती चालली. २०११पासून २०२५पर्यंत ‘स्क्वीझ’, ‘व्हीझी’, ‘जेसी’, ‘स्ट्रेच’, ‘बस्टर’, ‘बुल्सआय’, ‘बुकवर्म’ आणि ‘ट्रिक्सी’ या आवृत्त्या दोन वर्षांच्या आगेमागे येत गेल्या. काही आरसी बग ‘या आवृत्तीपुरते दुर्लक्षित’ अशी खूण लावून सोबत घेतले जातात. तेही उघडपणे, नावानिशी.

फ्रीझच्या काळात एक विशेष गोष्ट घडते. माणसे दुसऱ्यांचे दोष काढायला बसतात. एरवी मेंटेनरच्या पॅकेजला हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरण्यासारखे. म्हणून रीत ठरवलेली आहे. दुरुस्ती वहीत टाकायची, मेंटेनरला सांगायचे, आणि ती अपलोड करायची पण उशिराने लागू होणाऱ्या रांगेत, जिथे ती काही दिवस थांबते. त्या दिवसांत मेंटेनर जागा झाला तर ती रद्द करून स्वतःची घालू शकतो. न झाला तर ती आत जाते. ‘बग स्क्वॉशिंग पार्टी’ नावाने शनिवार-रविवारी एखाद्या विद्यापीठात किंवा कचेरीत पंधरा-वीस जण जमतात, आरसी बगांची यादी उघडतात आणि एकेक घेऊन बसतात. नवखा माणूस इथे जाणत्याच्या खांद्यावरून पाहत शिकतो. मुक्तस्रोताच्या कहाण्यांत नवे काही घडवणारे नायक असतात. खरे तर सतरा ठिकाणी शोधून तीन ओळींचा पॅच तयार करणारा, आणि ते पॅकेज ज्याच्या नावावर कधीच येणार नाही असा माणूस त्यांच्याइतकाच मानाचा धनी आहे.

पण दुरुस्ती हीसुद्धा धोक्याची असते, आणि या विषयातला सर्वांत जड धडा त्यातलाच आहे. ‘वॅलग्रिंड’ नावाचे एक साधन आहे. प्रोग्रॅम स्मृतीचा वापर कसा करतो ते पाहत राहते आणि कुठे गैर दिसले की तक्रार करते. २००६मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजवर अशीच तक्रार आली होती: न भरलेली स्मृती वाचली जाते आहे. ओपनएसएसएल गुप्त किल्ल्या बनवते. मेंटेनरने मूळ प्रकल्पाच्या चर्चेत विचारणा केली, विरोध झाला नाही, आणि दोन ओळी निकामी करण्यात आल्या. वॅलग्रिंड शांत झाले. त्यातली एक ओळ मात्र किल्लीसाठी लागणारा सगळा बेभरवसा, म्हणजे अंदाज करता न येणारी माहिती, गोळा करणारी होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. तो त्या यंत्रांवर ३२,७६८च्या पलीकडे जात नसे. अब्जावधींच्या अब्जावधी शक्यतांमधून निवडली जायची ती किल्ली आता एका यादीतून उचलता येत होती.

सप्टेंबर २००६मध्ये हा बदल अपलोड झाला आणि १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. मधल्या वीस महिन्यांत तो टेस्टिंगमधून गेला, एचमध्ये गेला, उबुंटूत गेला. बरणी मुरवण्याची पद्धत इथे कामी आली नाही, कारण काहीच मोडत नव्हते. किल्ल्या बनत होत्या, कुलपे उघडत होती, कोणाला काही खटकण्याचे कारण नव्हते. आवाज करणारे दोष वाट पाहिल्याने सापडतात. मुका दोष सापडतो तो कोणीतरी कोड मुद्दाम वाचल्यावर, आणि हा तसाच, डेबियनच्याच एका सदस्याच्या, लुसियानो बेल्लो याच्या नजरेला आला. मग प्रकल्पाने केले ते पाहण्यासारखे आहे: सूचना लगेच काढली, कमकुवत किल्ल्या ओळखणारे साधन दिले, आणि जगभरच्या व्यवस्थापकांना सांगितले की तुमच्या किल्ल्या बदला. शरमेची बाब झाकता आली असती. झाकली नाही.

अठरा वर्षांनी वॅलग्रिंड पुन्हा या कथेत येते. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता डेबियन सिडवर वेगाची मोजमापे घेत होता. दूरच्या यंत्रात एसएसएचने शिरायला पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागत, आता ०.८ लागू लागले होते. अर्धा सेकंद. त्याचबरोबर वॅलग्रिंडच्या काही तक्रारी त्याला आठवत होत्या. तो मागे लागला आणि २९ मार्चला त्याने जाहीर केले, की फाइली आकसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली आहे. ती पेरणाऱ्या, टोपण नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला होता. त्याआधी प्रकल्प एकट्या, थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता आणि बदल लवकर होत नाहीत म्हणून त्याच्यावर दडपण आणले जात होते. वॅलग्रिंडची तक्रार बंद व्हावी म्हणून पेरणाऱ्याने ५.६.१मध्ये खास खटपटही केली होती. २००६मध्ये सद्हेतूने गप्प केलेले साधन २०२४मध्ये दुष्ट हेतूने गप्प करायचा प्रयत्न झाला. या वेळी एका माणसाने त्याचे ऐकले.

विषारी आवृत्ती डेबियनच्या अनस्टेबलमध्ये आणि टेस्टिंगमध्ये पोहोचली होती, स्टेबलमध्ये नाही. मुरवण्याची पद्धत या वेळी तारक ठरली, पण थोडक्यात. एप्रिलच्या सुरुवातीला ठरलेली १२.६ ही सुधारित आवृत्ती पुढे ढकलून आधी प्रकल्पाची यंत्रे आणि साठा तपासला गेला. ती आली २९ जूनला. या प्रसंगाकडे फक्त सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे आहे. दोषांच्या नोंदी माणसाला खातात. ‘का होत नाही अजून?’ असे विचारणारी प्रत्येक मेल फुकट राबणाऱ्या कोणाच्या तरी संध्याकाळच्या वेळी येऊन पडते, आणि गुणवत्तेची चर्चा त्या संध्याकाळला वगळून करता येत नाही.

मराठी वाचकाचा या वहीशी थेट संबंध आहे. १४ फेब्रुवारी २००९ला आलेल्या ‘लेनी’मध्ये डेबियन इन्स्टॉल करण्याच्या भाषांत मराठीची भर पडली. आपल्या लिपीतले दोष फार सूक्ष्म असतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत पंडित आणि स्वयंपाकी इतका फरक आहे, आणि तो फरक दाखवणारा अर्धा ‘ऱ’ हिंदीत लागत नाही. म्हणून हिंदीवर तपासलेला फाँट सगळ्या चाचण्या पार करूनही मराठीत चुकू शकतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी, तीही मजकूर मराठी आहे हे फाँटला कळले तरच उमटतात. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत आले, तोवर ते जुळवाजुळव करून लिहावे लागे. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ‘लोहित’ फाँटांवर अशा बारकाव्यांसाठी बरेच कष्ट घेतले. पण जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बसलेल्या मेंटेनरला ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला हे दिसणार नाही. ते मराठी डोळ्यालाच दिसणार, आणि त्या डोळ्याच्या मालकाने मेल लिहिली तरच वहीत चढणार. सप्टेंबर २०२३मध्ये डेबियनचे जागतिक संमेलन प्रथमच भारतात, कोचीला झाले. आपल्या भाषांच्या दोषांसाठी वाट पूर्वीपेक्षा जवळ आली आहे.

९ ऑगस्ट २०२५ला ट्रिक्सी बाहेर पडली. तिच्यातला एक मोठा बदल वापरणाऱ्याला दिसतही नाही: ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ला संपतात, म्हणून जवळजवळ सगळ्या प्रोसेसरांवर वेळ ६४ बिटांत मोजायला सुरुवात झाली. त्यासाठी हजारो पॅकेजे पुन्हा बनवावी लागली. एक्सझेडचा स्फोट झाला तेव्हा त्या कामाची नेमकी धांदल चालू होती. ट्रिक्सी स्टेबल झाल्यावर टेस्टिंगला नवे नाव मिळाले, ‘फोर्की’. फ्रीझमुळे महिनोन्‌महिने अडून राहिलेली पॅकेजे अनस्टेबलमध्ये उतरू लागली, आणि वहीत पुढचे क्रमांक पडू लागले.